पाण्यात पडली म्हणून परकी होत नाही

पाण्यात पडलेली वस्तू कोणाची, या एका प्रश्नावर गेल्या काही महिन्यांत मी इतक्या जणांशी वाद घातला आहे, की आता तो एकदा लिहूनच काढावा म्हणते. पुण्याचा भाचा फोनवर म्हणतो, "मावशी, ज्याला सापडली त्याची." मुलाचे इथले मित्र हेच इंग्रजीत म्हणतात, आणि तेही यमक जुळवून. यमक जुळलं की माणसांना वाटतं न्यायही जुळला! माझं उत्तर मात्र साधं आहे. ज्याची होती त्याची. काढणाऱ्याला त्याच्या कष्टाचे पैसे मिळावेत, वस्तू मिळू नये. आणि त्या वस्तूपायी कोणाचा जीव तर मुळीच जाऊ नये.

मी सध्या मुलाकडे फ्लोरिडात आहे हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. इथे येऊन मी या वयात एक नवा खेळ शिकले. म्हणजे खेळायला नाही, बघायला. त्याचं नाव डिस्क गोल्फ. आता नातेवाईक मंडळी हसतील, की सत्तरी ओलांडल्यावर हिला हे काय सुचलं! पण नातू तेरा वर्षांचा आहे आणि दर शनिवारी सकाळी पार्कात हाच खेळ खेळतो. आजीनं बाकावर बसून थर्मासमधला चहा पीत बघायचं, असा आमचा करार आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डिस्क म्हणजे तबकडी. मी तबकडीच म्हणणार, नातू हसला तरी. फ्रिसबी आपल्याकडे आता सगळ्यांनी पाहिली आहे. ही तिचीच धाकटी बहीण, पण अंगानं लहान आणि वजनानं भारी. साधारण २१ सेंटीमीटर रुंद, वजन बहुधा १५० ते १८० ग्रॅम, आणि कड धारदार. मैदानात ठरावीक अंतरावर लोखंडी खांब असतात. प्रत्येक खांबाला एक टोपली आणि तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या. लांबून तबकडी फेकत फेकत त्या टोपलीत टाकायची. कमीत कमी फेकींत जो सगळ्या टोपल्या पुऱ्या करेल तो जिंकला. साखळ्यांवर तबकडी आदळली की देवळातल्या घंटेसारखा नाही, पण विहिरीवरच्या रहाटाच्या साखळीसारखा आवाज होतो. मला तो फार आवडतो.

या खेळाला आजचं रूप दिलं एड हेड्रिक या गृहस्थांनी. वॅम-ओ कंपनीत असताना त्यांनी फ्रिसबी सुधारली. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमधे या खेळाचं पहिलं कायमचं मैदान तयार झालं. साखळ्यांची टोपलीही त्यांचीच. १९७६ साली त्यांनी या खेळाची संघटना सुरू केली. आज जगात हजारो मैदानं आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी खेळायला पैसेही पडत नाहीत. पार्कात जायचं आणि खेळायचं. मला या खेळाबद्दल माया वाटते ती यासाठी. गरिबाच्या पोराला परवडणारे खेळ जगात फार उरले नाहीत.

असो. आता मुद्द्यावर येते.

मैदान आखणाऱ्यांना पाण्याचा भारी सोस. तळं दिसलं की त्याच्या काठाला टोपली उभी केलीच म्हणून समजा. म्हणे त्यात गंमत आहे. खेळणाऱ्याची छाती धडधडली पाहिजे. धडधडू दे, माझी हरकत नाही. पण वाऱ्याची एक झुळूक आली की तबकडी वळते आणि डुबुक! बहुतेक तबकड्या पाण्यात बुडतात. तरंगणाऱ्याही मिळतात, पण त्या मुद्दाम वेगळ्या घ्याव्या लागतात. चांगल्या, टिकाऊ प्लॅस्टिकची तबकडी पाण्याहून जड, ती थेट तळाच्या गाळात जाऊन बसते. अशा एकेका तळ्याच्या तळाशी किती तबकड्या साठत असतील, त्याची कल्पनाच करा.

मग त्या काढायच्या कशा? काठावरून काढायच्या असतील तर लांब होत जाणारी काठी मिळते, तिच्या टोकाला कडं किंवा आकडा असतो. दुसरं साधन म्हणजे दोरीला बांधलेला लोखंडी सापळा. तो पाण्यात दूर फेकायचा, तळाला टेकू द्यायचा आणि हळूहळू ओढत आणायचा. यातल्या एकाचं नाव 'गोल्डन रिट्रीव्हर', म्हणजे टाकलेली वस्तू तोंडात धरून आणणारा कुत्रा! नातवानं तो मला पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी म्हटलं, "अरे, हा तर आमचा गळ!"

आमच्या पिढीतल्या बायकांना गळ सांगायला नको. लहानपणी आमच्या वाईकडच्या खेड्यात आळीला एक विहीर होती. दोर जुना झाला की कळशी सुटायची आणि तळाशी जायची. मग एका ठरलेल्या घरून गळ आणायचा. चार-पाच आकड्यांचा लोखंडी गळ, दोराला बांधून विहिरीत सोडायचा आणि तळ चाचपत फिरवायचा. कधी कधी आपली कळशी यायचीच नाही, दुसऱ्याच कुणाची तरी, दोन वर्षांपूर्वी बुडालेली, शेवाळ धरलेली घागर वर यायची. पण भांड्यांवर नाव घातलेलं असायचं. लग्नात आलेलं भांडं असेल तर देणाऱ्याचंसुद्धा नाव असायचं. मग काय करायचं? चिंचेनं घासून ते नाव वाचायचं आणि घागर त्या घरी पोचवायची. गळाला जमलं नाही तर पोहणारा एखादा गडी बुडी मारायचा. त्याला चार आणे मिळायचे, वर चहा, वेळ जेवणाची असेल तर भाकरी. हे त्याच्या कष्टाचं. घागर त्याला मिळायची नाही, आणि त्यानं ती मागितल्याचं मला तरी कधी आठवत नाही. या सगळ्याचा नियम कोणी कागदावर लिहिला नव्हता. नाव वाचता येत होतं, एवढं पुरेसं होतं.

आता इथली गोष्ट ऐका. मागच्या महिन्यात शनिवारी आमच्याच पार्काच्या गाड्या लावायच्या जागी एक तरुण गाडीची डिकी उघडून उभा होता. डिकीत दोन मोठे टब, टबांत तळ्यातून काढलेल्या तबकड्या. साधी असेल तर पाच डॉलर, बरी असेल तर दहा. पोरं भोवती गोळा झालेली. आमच्या नातवानं हात घातला आणि त्याच्या हातात स्वतःचीच नारिंगी तबकडी आली! तीन आठवड्यांपूर्वी तळ्यात गेलेली. मागच्या बाजूला काळ्या शाईनं त्याचं नाव आणि त्याच्या बाबांचा फोन नंबर. एकही आकडा पुसलेला नाही. मी लांबून वाचला, चष्म्याशिवाय.

मी त्या मुलाला विचारलं, "यावर फोन नंबर आहे, तू फोन का नाही केलास?" माझं इंग्रजी शाळामास्तरणीचं असलं तरी त्याला कळलं. तो म्हणाला, "पाण्यात मी उतरलो, तुम्ही नाही." तो उर्मटपणे बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. माझा मुलगा म्हणाला, "आई, जाऊ दे गं," आणि त्यानं पाच डॉलर काढून दिले. नातवाला आपली तबकडी मिळाली. वाईट पाच डॉलरचं वाटलं नाही. तेरा वर्षांच्या पोरानं त्या दिवशी एक धडा घेतला, की नाव लिहिण्याला काही अर्थ नसतो. पस्तीस वर्षं मी पहिल्या दिवशी वहीवर नाव घालायला शिकवलं. तो धडा खोडून काढला जाताना मी गप्प बसणार नाही.

या विषयावर माझ्याशी वाद घालणाऱ्यांचे मुद्दे एकेक घेते.

पहिला मुद्दा, "सापडेल त्याचं." मग मी विचारते, वर्गात बाकाखाली सापडलेलं कंपासपेटीचं काय? बसमधे राहिलेल्या छत्रीचं काय? तिथे कोणी असं म्हणत नाही. पाणी मधे आलं की मात्र लोकांची बुद्धी बदलते, जणू पाण्यानं मालकी धुऊन जाते. यावर एका वाचक मैत्रिणीनं मला नाशिकचं उदाहरण दिलं. रामकुंडावर लोक पाण्यात नाणी टाकतात आणि मुलं दोरीला लोहचुंबक बांधून ती काढतात. त्यांना कोणी चोर म्हणत नाही. बरोबर आहे, म्हणूही नये. पण ते नाणं टाकणाऱ्यानं हात जोडून सोडलेलं असतं. त्याचा हक्क त्यानं स्वतःच्या मनानं संपवलेला असतो. तबकडी कोणी हात जोडून तळ्याला वाहत नाही. ती टाकलेली नसते, पडलेली असते. आणि तिच्यावर तर नाव आणि पत्ता विचारायची सोयही असते. नाण्यावर ती नसते.

दुसरा मुद्दा जरा हुशारीचा आहे. म्हणतात, "खेळाच्या नियमातच तबकडी तीन मिनिटांनी हरवलेली धरतात." खरं आहे. शोधायला तीन मिनिटं, तेवढ्यात सापडली नाही तर ती हरवली आणि खेळणाऱ्याला एका फेकीचा दंड. पण हा नियम गुण मोजण्यासाठी आहे. मागची मंडळी खोळंबू नयेत म्हणून आहे. क्रिकेटचा चेंडू शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेला की आपण एकदम 'आउट' धरतो, म्हणून काही चेंडू शेजाऱ्यांचा होत नाही! उलट त्याच नियमपुस्तकात असंही आहे, की प्रत्येक तबकडीवर ओळखता येईल अशी खूण असलीच पाहिजे. खूण कशासाठी? कोणाची कोणती हे कळावं म्हणूनच ना?

तिसरा मुद्दा भाच्याचा. "मावशी, पंधरा-वीस डॉलरचं प्लॅस्टिक ते, एवढं काय?" भाच्याला मी सांगितलं, की बाबा रे, तुझ्या वडिलांचं जुनं फाउंटन पेन आठव. निब त्यांच्या हाताला अशी घासली गेली होती, की दुसऱ्यानं लिहिलं तर अक्षर फाटायचं. तबकडीचंही तसंच असतं. झाडांवर, दगडांवर आपटून आपटून तिची कड झिजते आणि तिचं उडणं बदलतं. नवी सरळ जाईल किंवा डावीकडे पडेल, जुनी अलगद उजवीकडे वळत जाईल. खेळणारा आपल्या जुन्या तबकडीचा स्वभाव ओळखून असतो. दुकानातून तीच आणून तीच मिळत नाही. कोणाची ती पहिल्याच फेकीत टोपलीत गेलेली असते, ती त्याला जन्मभर ठेवायची असते. आणि प्लॅस्टिकच म्हणाल तर ज्या एड हेड्रिक यांच्याविषयी वर लिहिलं, ते २००२ साली वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लॅस्टिकमधे मिसळून तबकड्या बनवल्या गेल्या. आता बोला! किमतीचा आकडा लहान म्हणून हक्क लहान होतो असं मानलं, तर शाळेतल्या एका पोराच्या पेन्सिलीवर तरी कोणाचा हक्क राहील?

चौथा मुद्दा कायद्याचा. "कायदा कुठे अडवतो?" म्हणून मी वकील पुतण्याला विचारलं. त्यानं आपलाच १८७२ सालचा करार कायदा उघडून दाखवला. मला तर वाचताना आमची विहीरच आठवली. कलम ७१ म्हणतं, दुसऱ्याची वस्तू सापडली आणि ती ताब्यात घेतली, तर ती सांभाळायची जबाबदारी ठेव ठेवून घेणाऱ्यासारखीच. कलम १६८ म्हणतं, वस्तू सांभाळायला आणि मालक शोधायला जे कष्ट आणि खर्च झाले त्यासाठी मालकावर फिर्याद करता येत नाही, पण ते मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. मालकानं बक्षीस जाहीर केलं असेल तर तेवढं हक्कानं मागता येतं. आणि विकायचं कधी? कलम १६९ प्रमाणे, रीतसर शोधूनही मालक सापडला नाही किंवा सापडूनही रास्त खर्च द्यायला नाही म्हणाला तर, आणि तेव्हासुद्धा वस्तू नासायला लागली असेल किंवा खर्च किमतीच्या दोन-तृतीयांशापर्यंत गेला असेल तरच. म्हणजे आधी मालक शोधा! इथे तर मालकाचा नंबर वस्तूवरच लिहिलेला. एक फोन करायला किती वेळ लागतो?

हा आपला कायदा झाला, इथला नव्हे, हे मला कळतं. पण फ्लोरिडातही सापडलेली वस्तू पोलिसांना कळवावी असा नियम आहे. आणि इंग्लंडात २००२ साली लेस्टरजवळच्या एका गोल्फ मैदानाच्या तळ्यातून रात्री चेंडू काढणाऱ्या एका पाणबुड्याला चोरी म्हणून सहा महिन्यांची कैद झाली होती. पुढे अपिलात त्याची तुरुंगातून सुटका झाली. ती कैद मलाही जास्तच वाटली. कोणाला तुरुंगात घाला असं मी म्हणत नाही. पण पाण्यातली वस्तू बेवारशी असते हे शहाण्या लोकांनी कुठेच सरळसोट मान्य केलेलं नाही, एवढं ध्यानात घ्या.

पाचवा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोच सगळे सहज बोलून जातात. "तो स्वतःच्या जबाबदारीवर उतरतो ना? मग तुम्हाला काय त्याचं?"

मला काय त्याचं? ऐका तर.

याच फ्लोरिडात लार्गो गावात जॉन एस. टेलर पार्क आहे. तिथे तळ्याच्या कडेनं डिस्क गोल्फचं मैदान. ३१ मे २०२२ रोजी तिथल्या तळ्यात ४७ वर्षांच्या एका माणसाचा मृतदेह सापडला. अ‍ॅलिगेटरनं हल्ला केला होता. अ‍ॅलिगेटर म्हणजे आपल्या मगरीच्याच गोतावळ्यातला. सांगलीकडच्या, कृष्णाकाठच्या माणसांना मी काय सांगू! हा माणूस तळ्यातून तबकड्या काढायचा आणि विकायचा, असं तिथे येणाऱ्यांनी सांगितलं. पाण्यात उतरू नका अशा पाट्या तिथे होत्या. दोनच वर्षांपूर्वी, २०२० साली, त्याच तळ्यात तबकड्या शोधायला उतरलेल्या आणखी एकाला अ‍ॅलिगेटर चावला होता. त्याचा जीव वाचला. म्हणजे धोका माहीत नव्हता असं म्हणायलाही जागा नाही.

फ्लोरिडात अंदाजे १३ लाख अ‍ॅलिगेटर आहेत, आणि ते राज्याच्या सगळ्या ६७ काउंट्यांमधे आहेत. संध्याकाळ ते पहाट हा त्यांचा शिकारीचा वेळ. एप्रिल ते जून हे त्यांच्या जोड्या जमण्याचे दिवस, तेव्हा ते जास्त फिरतात. आणि तबकड्या विकणारा माणूस पाण्यात उतरणार कधी? पार्कात माणसं नसताना. म्हणजे नेमका अंधारात. शिवाय गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. पायांनी गाळ चाचपत जायचं, नाहीतर बुडी मारून हातांनी. फुटक्या बाटल्या, माशांचे गळ, शेवाळात अडकणारे पाय हे वेगळंच. गरम गोड्या पाण्यात नाकावाटे मेंदूत जाणारा एक अमीबा असतो. त्याची लागण क्वचित होते, पण झाली की माणूस बहुधा वाचत नाही. एवढं सगळं कशासाठी? पाच डॉलरच्या तबकडीसाठी.

भाचा म्हणाला, "पण मावशी, गरिबाचं पोट चालतं त्यावर. तू ते बंद करायला निघालीस." हा टोला मला लागला, म्हणून त्याचं उत्तर नीट देते. आपल्याकडे मॅनहोलमधे उतरणाऱ्या माणसांबद्दल आपण वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. त्याचं पोट चालतं, तो आपणहून उतरतो. २०१३ साली कायदा करून संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर बंदी घालावी लागली, आणि त्यानंतरही माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत हे मला कळतं. गटारात उतरवण्यामागे आपल्या जातीव्यवस्थेचं पाप आहे, इथे ते नाही. पण 'आपणहून' हा शब्द दोन्हीकडे सारखाच खोटा आहे. ज्याला महिन्याचा पगार येतो तो रात्री तळ्यात उतरत नाही. जो उतरतो त्याला पाच डॉलर हवे असतात. ते पाच डॉलर देणारा कोणीतरी काठावर, कोरड्या बुटांत उभा असतो. मी त्या उभ्या असणाऱ्याशी भांडते आहे, बुडणाऱ्याशी नाही.

म्हणून माझा राग डिकी उघडून उभ्या असलेल्या त्या पोरावर फार वेळ टिकला नाही. त्यानं फोन करायला हवा होता, हे मी शंभरदा म्हणेन. पण त्याच्या टबाभोवती उभ्या असलेल्यांना काय म्हणायचं? दुसऱ्याचं नाव आणि नंबर लिहिलेली तबकडी हातात घेऊन, ते नाव वाचून, पाच डॉलर देऊन ती पिशवीत टाकणारी भली भली माणसं होती. चांगल्या गाड्यांतून आलेली. आपली हरवलेली तबकडी परत मिळावी असं त्यांतल्या प्रत्येकाला वाटत असणार. आणि दुसऱ्याची मात्र स्वस्तात हवी. विकत घेणारा नसेल तर अंधारात कोण कशाला उतरेल?

त्यांच्याइतकाच दोष मैदान आखणाऱ्यांचा. तळ्याकाठी टोपली उभी करायची, वर्षानुवर्षं पाण्यात प्लॅस्टिक जमू द्यायचं, 'पाण्यात उतरू नये' अशी पाटी ठोकायची आणि हात झटकायचे. पाटी लावली की जबाबदारी संपते असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा आठवीच्या वर्गावर शिकवून बघावं! ज्यानं पाण्याची गंमत खेळात आणली, त्यानं पाण्यात पडलेलं काढायची सोयही करायला नको का?

नुसती टीका करून थांबणं मला आवडत नाही. शाळेतही चुकीच्या उत्तरावर काट मारली की शेजारी बरोबर उत्तर लिहायची सवय होती. तेव्हा माझं उत्तर असं.

जिथे अ‍ॅलिगेटर आहेत अशा पाण्यात कोणीही उतरू नये, मालकानंही नाही. तबकडी माझी आहे म्हणून तिच्यासाठी दुसऱ्याचा जीव पणाला लावायचा हक्क मला मिळत नाही. तिथे फक्त काठी आणि गळ, तेही भर दिवसा, पाण्यापासून अंतर राखून, आधी नजर टाकून. नाही निघाली तर नाही निघाली. जिथे असा धोका नाही तिथे खेळणाऱ्यांच्या क्लबानं वर्षातून एक-दोन दिवस ठरवून, शिकलेल्या पाणबुड्यांकडून, काठावर माणसं ठेवून तळं साफ करून घ्यावं आणि पाणबुड्याला दिवसाची चांगली मजुरी द्यावी. निघालेल्या तबकड्यांवरचे नंबर वाचून फोन करावेत. मालकानं येऊन ठरलेली रक्कम द्यावी, समजा तीन डॉलर, आणि आपली वस्तू न्यावी. ही रक्कम आधीच पाटीवर लिहिलेली असावी, म्हणजे वाद नको. ज्यांवर नाव नाही किंवा जे मालक दोन-तीन महिन्यांत आले नाहीत, त्यांच्या तबकड्या विकून पुढच्या सफाईचा खर्च काढावा, नाहीतर नव्यानं शिकणाऱ्या पोरांना द्याव्यात. काही क्लब सापडलेल्या तबकड्यांची पेटी ठेवतात, मालकाला निरोप धाडतात, हेही इथे पाहिलं आहे. म्हणजे हे अशक्य नाही. आणि पाण्यावरून फेकायची वेळ आली की तरंगणारी तबकडी वापरायला पोरांना शिकवावं. आपला नातू आता वापरतो.

आणि सर्वांत सोपं म्हणजे, दुसऱ्याचं नाव असलेली तबकडी विकत घेऊ नये. एवढं जरी सगळ्यांनी पाळलं तरी अंधारातला धंदा आपोआप बसेल.

काल सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही या लहानशा खेळाचं फारच मनावर घेतलंत." असेल. पण मोठ्या गोष्टींतला न्याय माणूस लहान गोष्टींतच शिकतो, असं मी तरी पस्तीस वर्षं वर्गात पाहिलं. दुसऱ्याचं खोडरबर परत करणारा मुलगा पुढे मोठा होऊन काय करतो, हे बघायला मिळण्याइतकी वर्षं मला मिळाली. न करणाराही पाहिला.

अमेरिकेतल्या भाचरांनो, पुतण्यांनो, तुमच्यापैकी तिघे-चौघे हा खेळ खेळता हे मला माहीत आहे. तुमच्या तबकड्यांवर नाव आणि नंबर आहे का ते आज बघा. नसेल तर जाड मार्कर आणा आणि ठळक, सुवाच्य अक्षरात लिहा. दुसऱ्याची सापडली तर फोन करा. कोणी तुमची आणून दिली तर नुसतं 'थँक यू' म्हणू नका, त्याच्या हातावर पैसे ठेवा. आणि तळ्याकाठी कोणी कपडे काढून उतरायच्या बेतात दिसला, तर तबकडी कोणाची का असेना, त्याला आधी मागे बोलवा.

ज्यांना माझं म्हणणं पटलं नसेल त्यांनी जरूर लिहावं. भाच्यानं तर लिहावंच. त्याचं यमकाचं उत्तर मात्र आता चालणार नाही.